मदत हवी आहे: घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला अ‍ॅनिमोन पांढरा पडतोय (नागपूर)

निळाई

आमचा बबल टिप अ‍ॅनिमोन आजारी आहे. तो खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. जो तो वेगळा सल्ला देतोय आणि काय आधी करावं तेच कळेनासं झालंय, म्हणून इथे विचारते.

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालचा संप (पाणी गाळायची जोड-टाकी) धरून एकूण पाणी साधारण ३०० लिटर. वर्षाहून जास्त काळ नीट चालू आहे. आत दोन ऑसेलारिस क्लाउनफिश, एक क्लीनर झिंगा, काही टर्बो गोगलगायी आणि खडक. अ‍ॅनिमोन दिवाळीच्या सुमारास आणला. हिरवट तपकिरी, टोकं फुगलेली, उमलला की जेवणाच्या ताटाएवढा दिसायचा. दोन्ही मासे दिवसभर त्याच्यातच लोळत असायचे.

एप्रिलच्या शेवटी तो आक्रसायला लागला. आधी दुपारी मिटायचा आणि संध्याकाळी उमलायचा. आता संध्याकाळीही अर्धाच उमलतो. मध्यंतरी तोंडातून तपकिरी, चिकट धागे बाहेर आले आणि त्यानंतर रंग उतरत गेला. आता टेंटॅकल्स (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) जवळजवळ पारदर्शक आहेत, फक्त टोकांशी थोडा हिरवा. तोंड किंचित उघडं असतं. पूर्वी खडकाच्या वरच्या कपारीत बसायचा, तिथून सरकत मागच्या सावलीत गेलाय.

टेस्ट केल्या त्या अशा: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५, अल्कलिनिटी ८.३ डीकेएच, कॅल्शियम ४२०, पीएच ८.१. हायड्रोमीटरवर घनता १.०२५. म्हणजे पाणी तसं ठीकच दिसतंय, मग हा का खंगतोय?

दुकानात विचारलं तर म्हणाले, लाइट वाढवा आणि रोज झिंगे खाऊ घाला. एका ओळखीच्यांनी आयोडिन टाकायला सांगितलं. आणखी एकांनी अँटिबायोटिक. मी अजून यातलं काहीच केलेलं नाही. हा जीव हातचा जाऊ नये एवढंच वाटतं. कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

खारेपाणी

काहीच केलं नाहीत हे उत्तम केलंत. आजारी अ‍ॅनिमोनवर एकाच आठवड्यात पाच उपाय केले की कशाने काय झालं तेही कळत नाही आणि प्रत्येक बदलाचा ताण त्यालाच सोसावा लागतो.

आधी एवढं सांगा.

दुपारी चार वाजता पाण्याचं तापमान किती असतं? सकाळचं नको, चारचंच.

हायड्रोमीटर कोणता, काटा फिरणारा की रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून खारटपणा वाचायचं भिंगाचं उपकरण)?

टेंटॅकलला ड्रॉपरचं टोक लावलं तर चिकटतं का?

पाय, म्हणजे बुडाचा चिकटणारा भाग, खडकाला धरून आहे की सुटलाय?

या टँकमध्ये कधी माशांच्या व्हाइट स्पॉट रोगाचं औषध गेलंय का? त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. ते खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सुटत राहतं. मासे ते सहन करतात, अ‍ॅनिमोन करत नाही.

रोज किती पाणी उडतं, आणि ते कोणत्या पाण्याने भरता?

आणि एक तपासणी आजच करा. पाणी हलवून वास घ्या. मेलेला किंवा मरायला टेकलेला अ‍ॅनिमोन सडका, असह्य वास मारतो. तोंड आतून बाहेर उलटलेलं, अंगाचे तुकडे गळतायत, पाय लिबलिबित आणि सुटलेला, अशी अवस्था असेल तर तो लगेच बाहेर काढावा लागतो, कारण एवढा मोठा जीव टँकमध्ये विरघळला की एका रात्रीत अमोनिया वाढून मासेही जातात. नुसता आक्रसलेला आणि पांढरा असेल तर आशा आहे, आणि चांगली आशा आहे.

---

निळाई

वास अजिबात नाही. पाय घट्ट धरून आहे. ड्रॉपरला टेंटॅकल चिकटतं, पण पूर्वीसारखं पकडून ठेवत नाही. तांब्याचं औषध कधीच टाकलेलं नाही.

तापमान आज चारला पाहिलं: ३०.८. सकाळी सहाला २६.५ होतं. रात्री त्या खोलीत एसी असतो, दिवसा घरात कोणी नसतं म्हणून बंद. टँकवर छोटा पंखा लावलेला आहे.

हायड्रोमीटर काटा फिरणारा, प्लास्टिकचा. पाणी हल्ली खूप उडतं, दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस लिटर एकदम भरते. घरच्या आरओचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६० येतो.

---

दर्यावर्दी

मुंबईकर आहे. ताई, पंख्याने काही होत नाही. चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्या आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे पंखा लावून अर्धा डिग्रीसुद्धा उतरत नाही.

---

संत्रानगरी_रीफ

दर्यावर्दी भाऊ, तुमच्याकडे होत नाही ते बरोबर आहे, पण ही मुंबई नाही. मी नागपूरचाच, प्रतापनगर. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पंख्याने पाणी उडूनच टँक तीन-चार डिग्री उतरते. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. बाहेर ४५ असताना मी फक्त दोन पंख्यांवर २७ ठेवून राहिलो आहे.

अडचण दुसरीकडे आहे. पंखा जितकं चांगलं काम करेल तितकं पाणी जास्त उडेल, आणि उडतं ते फक्त पाणी. मीठ टँकमध्येच राहते. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात तापमान आणि खारटपणा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकच आहे. एक सांभाळला की दुसरा बिघडते.

ताईंचाच हिशोब घ्या. ३०० लिटरमधून १८ लिटर उडालं म्हणजे सहा टक्के. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) पाणी ३७ च्या वर गेलं. मग एकदम १८ लिटर गोडं पाणी ओतलं की तासाभरात परत ३५. महिनाभर दर तीन दिवसांनी हेच होऊन राहिलं. माशाला फरक पडत नाही, अ‍ॅनिमोनला पडतो. त्याच्या अंगात मुळात पाणीच भरलेलं असते, बाहेरच्या पाण्याचा खारटपणा बदलला की त्याला लगेच जाणवते.

आणि तो काट्याचा हायड्रोमीटर आधी बाजूला ठेवा. माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे, ३५ पीपीटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट केलेला. तुमचं थोडं पाणी छोट्या बाटलीत घट्ट झाकण लावून आणा, पाहून देतो. काट्यावर क्षार चढले की तो जड होते आणि आकडा कमी दाखवते. बुडबुडा चिकटला की उलटं, जास्त दाखवते.

---

निळाई

संत्रानगरीदादा, मनापासून आभार. काल त्यांच्याकडे पाणी नेलं. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२९ आलं! माझा हायड्रोमीटर त्याच पाण्याला १.०२५ दाखवत होता. काट्याच्या बिजागरीशी पांढरा थर होता, तो त्यांनी भिंगातून दाखवला.

आता हे लगेच खाली आणायचं का? आणि लाइटचं काय करू? पांढरा पडलाय म्हणजे लाइट कमी पडतोय, असं दुकानदार ठामपणे म्हणाले.

---

सागरजीव_शिक्षिका

लाइटबद्दल आधी लिहिते, कारण नेमका याच सल्ल्याने पुष्कळ अ‍ॅनिमोन दगावतात.

अ‍ॅनिमोनचा तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी तापलं की या शैवालाची यंत्रणा बिघडते. प्रकाश पडत राहतो, पण त्याचं नीट अन्न होत नाही आणि ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात. ती पेशींना जाळतात, म्हणून अ‍ॅनिमोन शैवालच बाहेर टाकतो. तुम्ही पाहिलेले तपकिरी धागे बहुधा तेच. प्रवाळ पांढरे पडतात त्यामागेही हीच क्रिया असते.

म्हणजे तापलेल्या पाण्यात प्रखर लाइट हाच घाव आहे. तुमचा अ‍ॅनिमोन सावलीत गेला तो बरोबर गेला. त्याला तिथून हलवू नका. लाइट वाढवायचा नाही, उलट निम्म्यावर आणायचा. तो मंद करता येत नसेल तर टँकच्या वर पांढऱ्या जाळीचे दोन-तीन थर ठेवा आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक थर काढा. मात्र पूर्ण अंधारही नको. त्याच्या अंगात थोडं शैवाल अजून उरलेलं असणार. त्यातूनच पुन्हा वाढ व्हायची आहे आणि त्याला प्रकाश लागणारच.

तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. अ‍ॅनिमोनला कल्ले नाहीत, तो अंगाच्या पृष्ठभागातूनच श्वास घेतो. म्हणून पाण्याचा वरचा थर सतत ढवळला जाईल असा एक पंप वळवा.

धीर द्यायला एक खरी गोष्ट सांगते. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक अ‍ॅनिमोन आणून काचेच्या भांड्यात ठेवला. त्याला लोक ‘ग्रॅनी’ म्हणत. तो १८८७ पर्यंत जगला, म्हणजे आणणाऱ्याच्या मृत्यूनंतरही कितीतरी वर्षं. तेव्हा विजेचे पंप नव्हते, टेस्ट किट नव्हते. पाणी बदलणारे हात तेवढे होते. जात वेगळी, थंड समुद्रातली, पण पाणी स्थिर असेल तर हे जीव फार चिवट असतात.

---

खारेपाणी

आता चित्र स्पष्ट झालं. उष्णतेने ब्लीच झालाय, म्हणजे शैवाल टाकून पांढरा पडलाय, आणि खारटपणाच्या चढउताराने भर घातली. विषबाधा नाही, जंतुसंसर्गाचीही ठळक खूण नाही.

खारटपणा लगेच उतरवू नका. १.०२९ म्हणजे साधारण ३८ पीपीटीच्या पुढे. तुम्हाला ३५ वर, म्हणजे १.०२६ ला यायचंय. रोज टँकमधलं सात लिटर खारं पाणी काढा आणि सात लिटर आरओचं पाणी संपमध्ये बारीक धारेने सोडा. उडालेलं पाणी रोज वेगळं भरायचंच. चार दिवसांत पोचाल. त्यानंतर ऑटो टॉप-अप बसवा. संपमधल्या पाण्याची पातळी बोटभर उतरली की छोटा पंप आपोआप गोडं पाणी सोडतो. नागपूरच्या उन्हाळ्यात मला ही चैन वाटत नाही, हीटर-फिल्टरइतकीच गरजेची वस्तू आहे.

आरओच्या पाण्याचा टीडीएस ६० म्हणजे घरगुती यंत्रात थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो, तो उघडा असणार. पिण्यासाठी ते ठीक आहे. टँकसाठी पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं काडतूस जोडा आणि टीडीएस शून्यावर आणा. रोज सहा-सात लिटर भरताय म्हणजे त्यातलं जे काही आहे ते टँकमध्ये साठतच जाणार.

तापमान: आकडा २६ असावा की २७, यावर वाद घालत बसू नका. दिवस-रात्रीत एका डिग्रीपेक्षा जास्त फरक नको, हे महत्त्वाचं. रात्री एसीने २६ आणि दुपारी ३१, हा रोजचा झोका त्याला जास्त मारतोय. रात्री एसी लावलात तर हीटर २६.५ वर ठेवा म्हणजे त्याखाली जाणार नाही. दिवसा दुसरा पंखा लावा आणि दोन्ही पंखे तापमान-नियंत्रकावर घ्या. टँकचं काचेचं झाकण काढा, त्याऐवजी जाळी ठेवा.

वेव्हमेकरला (टँकमध्ये लाटा करणारा पंप) आजच स्पंज किंवा जाळीचं आवरण घाला. अशक्त अ‍ॅनिमोन रात्री पाय सोडून भटकतो आणि पंपात ओढला गेला की चिंधड्या होतात. ब्लीचिंगमधून वाचलेले अ‍ॅनिमोन असे गेलेले मी पाहिलेत.

आयोडिन नको. टेस्ट न करता टाकायची ती वस्तू नाही.

---

पाणवेडा

अँटिबायोटिकबद्दल कोणीच काही बोललं नाही. परदेशी हौशी लोक सिप्रोफ्लॉक्सासिनने बरे करतात असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. वेळ घालवण्यापेक्षा ते सुरू करायला काय हरकत आहे?

---

खारेपाणी

हरकत आहे. तो उपाय करतात तो प्रवासातून नुकत्याच आलेल्या, संसर्ग झालेल्या अ‍ॅनिमोनवर, मुख्यतः मॅग्निफिका आणि जायगँटिया या जातींवर. लक्षण असं, की दिवसातून पुन्हा पुन्हा पूर्ण फुगतो आणि पूर्ण पिचकतो, तोंड ढिलं पडतं. तोही वेगळ्या टँकमध्ये, रोज पाणी बदलून. मुख्य टँकमध्ये ओतलं तर जे जिवाणू अमोनिया पचवतात तेच मरतील. इथे अ‍ॅनिमोनचा पाय घट्ट आहे, वास नाही, कारण सापडलंय. त्याला खडकावरून खरवडून दुसऱ्या टँकमध्ये नेणं हाच मोठा धोका. पाय फाटला तर मग खरोखर संसर्ग होईल. शिवाय हे माणसांचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, ते गटारात सोडायचं नसतं.

---

निळाई

सगळं लिहून घेतलंय. पंपाला स्पंज लावला, लाइट निम्म्यावर आणला, दुसरा पंखा बसवला, पाणी सात-सात लिटर बदलायला सुरुवात केली.

आता खाण्याचं सांगा. त्याला काय आणि किती देऊ? आणि क्लाउनफिशचं काय करू? दोघं त्याच्यावर सारखे अंग घासतात. तो मिटायला लागला की तोंडाशी जाऊन ढोसतात. बघवत नाही.

---

सागरजीव_शिक्षिका

शैवाल गेलं म्हणजे त्याचं घरचं अन्न बंद झालंय, म्हणून बाहेरून द्यायला हवं. पण भूक आणि पचवायची ताकद या वेगळ्या गोष्टी. मोठा तुकडा घेईल आणि रात्री उलटून टाकेल, त्यात त्याचीच शक्ती जाईल. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, बारीक चिरलेला कच्चा झिंगा. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा आणि एका वेळी तीन-चारच. गोठवलेले मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव) मिळाले तर आणखी चांगले.

झिंगे समुद्राचे घ्या, नदीचे नकोत. पाकिटातल्या सोललेल्या झिंग्यांवर बऱ्याचदा फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते, पाकिटामागे लिहिलेलं वाचा. सालासकट, बर्फातले मिळाले तर ते बरे. घरी सोला, आरओच्या पाण्याने धुवा.

पंप बंद करून ड्रॉपरने टेंटॅकलवर अलगद सोडा. तोंडात कोंबू नका. पंधरा-वीस मिनिटांत घेतलं नाही तर काढून टाका आणि दोन दिवस थांबा. तुमचा क्लीनर झिंगा घास पळवणार, अगदी तोंडातून काढून नेतो तो. म्हणून प्लास्टिकची बाटली मधोमध कापून, वरचा भाग अ‍ॅनिमोनवर उपडा ठेवा आणि बाटलीच्या तोंडातून ड्रॉपर घाला. गिळून झालं की बाटली काढायची.

---

संत्रानगरी_रीफ

मासे वेगळे काढा ताई, दया दाखवू नका. काहून म्हणजे, निरोगी अ‍ॅनिमोनला त्यांचं लोळणं चालते, त्यांच्या विष्ठेतून त्याला नायट्रोजनही मिळते. आजाऱ्याला मात्र ते उमलूच देत नाहीत. वेगळा टँक नको, त्याच टँकमध्ये छिद्रं असलेली प्लास्टिकची टोपली टांगा आणि दोघांना तिथं ठेवा. अ‍ॅनिमोनशिवाय क्लाउनफिश टँकमध्ये मजेत राहतात. त्यांना तो समुद्रात लागते, मोठ्या माशांपासून लपायला.

बदलायचं मिठाचं पाणी चाळीस-पन्नास लिटर कालवून तयार ठेवा, पंप लावून. आणि पाणी गाळायला नवीन कार्बन. अ‍ॅनिमोन गेलाच तर तेव्हा मीठ विरघळत बसायला वेळ नसते.

खोलीत कूलर लावत असाल तर खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कूलरचा दमटपणा साठते आणि मग टँकवरचा पंखा नुसता हवा फिरवते, पाणी काही उडत नाही.

---

निळाई

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय.

खारटपणा १.०२६ वर आहे आणि ऑटो टॉप-अपमुळे हलत नाही. तापमान २६.५ ते २७.३. डीआय काडतूस लावल्यावर टीडीएस शून्य आला. मासे टोपलीत आहेत. सुरुवातीला अ‍ॅनिमोनने दोनदा अन्न टाकून दिलं, मी थांबले. मग एका संध्याकाळी त्याने तुकडा धरला, टेंटॅकल्स आत वळवली आणि गिळला. तेव्हापासून घेतोय. तोंड आता बंद असतं. टेंटॅकल्सच्या बुडाशी फिकट तपकिरी झाक दिसायला लागली आहे. उन्हाचा भास नको म्हणून रात्री टॉर्चने पाहिलं, आहेच. आकार अजून पूर्वीच्या निम्माही नाही.

दोन प्रश्न. मासे परत कधी सोडू? आणि लाइट?

---

सागरजीव_शिक्षिका

किती बरं वाटलं वाचून! लाइट दर आठवड्याला पाच टक्क्यांनी, त्यापेक्षा घाई नको. वाढवल्यावर तो दोन दिवस आक्रसलेला राहिला तर एक पायरी मागे या. पूर्ण रंग यायला महिने लागतात. तो आपणहून कपारीतून उजेडाकडे सरकला तर ती सगळ्यात भरवशाची खूण. तेव्हाच मासे सोडा, तेही आधी एकच.

या काळात तो दोन तुकड्यांत विभागला गेला तर घाबरू नका. बबल टिप असा दुभंगून वाढतो, कधी जोमात तर कधी ताणामुळेही. दोन्ही तुकड्यांना तोंड आणि पाय असतील तर दोन्ही जगतात.

---

संत्रानगरी_रीफ

भारी! पण ताई, आता खरी परीक्षा जुलैत आहे. मृग लागला की हवा दमट होईल आणि हे पंखे इथंही मुंबईसारखेच निकामी होतील. बाहेर ३० आणि पाणीही २९, उतरणारच नाही. उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यातच आपल्याकडे टँक जास्त तापलेले मी पाहिलेत. चिलरचं पहा आतापासून. ३०० लिटरला पाव एचपीचा घ्या. त्याहून छोटा दिवसभर चालूच राहील आणि बिल वाढवेल. चिलर गरम हवा बाहेर फेकते, म्हणून त्याच बंद खोलीत ठेवू नका.

---

निळाई

खोलीला लागून गॅलरी आहे, पाऊस लागत नाही तिथे. टँकपासून आठ-नऊ फूट होईल. एवढ्या लांब पाइप चालेल का?

---

संत्रानगरी_रीफ

चालेल. पाइपवर एसीच्या पाइपला असते तशी फोमची नळी चढवा, नाहीतर थंड केलेलं पाणी येता येताच तापेल. लांबीमुळे प्रवाह कमी होते, म्हणून पंप एक नंबर मोठा घ्या आणि चिलरवर लिहिलेला लिटर-प्रति-तासाचा आकडा पाहून जुळवा. सेटिंग २६.५, फरक एक डिग्री. बसवायच्या दिवशी सांगा, रविवार असला तर मी येतो.